जावा आधी की थेट कॉटलिन?
अँड्रॉइड अ‍ॅप बनवायला शिकायचं तर जावा ही प्रोग्रामिंग भाषा आधी पक्की करा मग अँड्रॉइडकडे वळा, असा सल्ला नवशिक्यांना दिला जातो, तो काही पटला नाही बुवा. गूगलने २०१९ पासून अँड्रॉइडसाठी कॉटलिन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेलाच पहिली पसंती दिलीये, त्यामुळे सरळ त्यांचा 'अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज' हा फुकट कोर्स धरा, सुरुवातच कॉटलिनच्या ओळखीपासून आहे. यूट्यूबवर शोधताना तारीख बघा हां, कंपोजचं (अ‍ॅपचे स्क्रीन कॉटलिनमध्येच बनवायचं गूगलचं टूलकिट) १.० व्हर्जन २०२१ ला आलं, त्याआधीचे बहुतेक व्हिडिओ एक्सएमएलवाले, म्हणजे स्क्रीन बनवायच्या जुन्या पद्धतीचे, मी त्यातच दोन महिने घालवले. आणि लॅपटॉपला ८ जीबीच रॅम असेल तर एम्युलेटरच्या (लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन) नादी लागू नका, पंखा नुसता घोंगावत बसतो, त्यापेक्षा फोनच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, यूएसबी डीबगिंग चालू करा आणि केबल लावून तिथेच अ‍ॅप पळवा. प्ले स्टोअरवर अ‍ॅप टाकायच्या खात्याचे २५ डॉलर नंतर भरा, आधी काहीतरी बनू तर द्या :)