शिकेकाईचा अर्क, की नुसतं शिकेकाईचं नाव?

माजघर:
गेल्या आठवड्यात बहिणीकडे राहायला गेले होते. बाथरूममध्ये शाम्पूची बाटली. पुढे हिरव्या अक्षरांत शिकेकाई, रिठा, आवळा, जास्वंद. चष्मा लावून मागची बारीक यादी वाचली. पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, मीठ, सुगंध, फेनॉक्सीइथेनॉल, आणि त्याच्याही मागे ही चार झाडं रांगेत उभी.

यादीत घटक जास्तीकडून कमीकडे लिहितात, एक टक्क्याच्या आतले मात्र कसेही लिहिले तरी चालतात. फेनॉक्सीइथेनॉल माल टिकावा म्हणून घालतात आणि ते एक टक्क्याच्या वर घालता येत नाही. म्हणजे त्याच्या मागचा प्रत्येक अर्क एक टक्क्याच्या आतला. फेस काढतंय ते सल्फेट, आणि जाहिरात चाललीय शिकेकाईची!

आमच्याकडे आजी रात्री लोखंडी कढईत शिकेकाई, फोडलेला रिठा, आवळकाठी, थोडा नागरमोथा आणि वाळा भिजत घालायची. सकाळी उकळून पंच्याने गाळायचं. पाणी काळंकुट्ट व्हायचं (आवळ्यातलं टॅनिन आणि कढईतलं लोखंड, हे मला फार नंतर कळलं). डोळ्यांत गेलं की घर डोक्यावर घ्यायचो. पण ती शिकेकाई होती. माझं म्हणणं एवढंच, की शिकेकाई विकायची तर शिकेकाई विका, नाहीतर सरळ शाम्पू म्हणा.

चाफा_बोलेना:
+१. आमच्या दिवाळीच्या उटण्याचंही तेच झालंय. वाळा, कपूर काचरी, आंबेहळद, गव्हला कचोरा हे कुठेच नाही. मुलतानी माती आणि अत्तर, बस्स. आम्ही अजून काष्ठौषधीच्या दुकानातून सुटं आणून घरी दळतो.

शिफ्ट_बी:
असहमत. बारा वर्षं प्रसाधनांच्या कारखान्यात काढली आहेत, म्हणून लिहितो.

एक टक्का हा आकडा ऐकून नाक मुरडू नका. दहा किलो शेंगांपासून एक किलो कोरडा अर्क काढला असेल, तर बाटलीतला एक टक्का म्हणजे दहा टक्के शेंगा. शिवाय शेंग दर वेळी सारखी नसते. कुठल्या रानातली, किती जुनी, कशी वाळवली, सगळ्यानं फरक पडतो. अर्कात निदान मोजता येतं.

आणि झाडातलं सगळंच चांगलं नसतं. बावची घ्या. कोडावर पूर्वापार वापरतात. तिच्या बियांत सोरालेन असतं, ते त्वचेवर असताना उन्हात गेलात तर भाजल्यासारखे फोड येतात. त्याच बियांतून बाकुचिऑल वेगळं काढतात. २०१९ मध्ये ४४ जणांवर बारा आठवडे तुलना झाली. अर्धा टक्का बाकुचिऑल दिवसातून दोनदा, विरुद्ध अर्धा टक्का रेटिनॉल (सुरकुत्यांवर लावतात ते अ जीवनसत्त्व) दिवसातून एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्हींनी सारखेच कमी झाले. साल निघणं, चुरचुरणं रेटिनॉलवाल्यांना जास्त. बावची वाटून तोंडाला फासली असती तर हे झालं असतं का?

माजघर:
बावचीचं पटलं. पण त्यात तुम्हाला पदार्थाचं नाव सांगता आलं, प्रमाण सांगता आलं. माझ्या बाटलीवर नुसतं 'शिकेकाई अर्क' लिहिलंय. तो दहाला एक काढलेला कोरडा अर्क आहे, की ग्लिसरीनमध्ये चार शेंगा बुडवून गाळलेलं पाणी? दोन्हींना नाव एकच ना?

शिफ्ट_बी:
नाव एकच. आणि दुसरा प्रकार बाजारात भरपूर आहे, हेही मान्य.

वऱ्हाडी_ठेचा:
नैसर्गिक नैसर्गिक काय करून राहिले बाप्पा? बिबाही नैसर्गिकच आहे! परीट त्याच्या चिकानं कपड्यांवर खुणा करायचे, धुऊन जात नव्हत्या. माह्या मोठ्या आईनं गुडघा दुखते म्हणून बिब्याचा चटका घेतला. तिसऱ्या दिवशी बिबा उतला. मांडीपर्यंत फोड, पाणी वाहते, रात्रभर खाज. वैद्य बिबा आधी शुद्ध करून घेतात, त्याला कारण आहे. कारखान्यातला काय अन् रानातला काय, अंगाला लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा.

चाफा_बोलेना:
बिब्याचं वेगळं हो, तो विषारीच. हळद घ्या. हळदीच्या औषधी उपयोगाचं पेटंट अमेरिकेत दिलं होतं, ते आपल्या माशेलकरांनी लढून १९९७ ला रद्द करून घेतलं. म्हणजे हळद गुणकारी आहे हे अमेरिकेनंही मान्य केलंच ना?

उभा_आडवा:
हे दर वेळी येतं म्हणून सविस्तर लिहितो. १९९५ चं ते पेटंट होतं जखमेवर हळद वापरण्याचं, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडे. सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं आव्हान दिलं तेव्हा माशेलकर तिचे महासंचालक होते. ते रद्द झालं, कारण ही माहिती नवी नव्हती, जुन्या ग्रंथांत आणि छापील लेखांत आधीच होती. 'नवीन नाही' आणि 'गुण येतो' या दोन वेगळ्या गोष्टी. तिथे वाद कुणाचं ज्ञान यावर होता, तुमच्या फेस पॅकवर नाही.

हळदीतलं मुख्य द्रव्य करक्युमिन, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दुधात-बेसनात कालवलेल्या हळदीतून चेहऱ्याला खात्रीनं मिळतो तो पिवळा रंग. नवरदेवाला हळद जरूर लावा, पण ती समारंभ म्हणून.

चाफा_बोलेना:
बरं, मग खोबरेल तेलही समारंभच का?

शिफ्ट_बी:
नाही, तिथे तुमची बाजू भक्कम आहे. मुंबईत केलेली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना २००३ मध्ये छापून आली. केसांतलं प्रथिन निघून जाणं कमी केलं ते फक्त खोबरेलनं. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाची साखळी छोटी आणि सरळ, म्हणून ते केसाच्या आत शिरतं.

उभा_आडवा:
अभ्यास कुणी केला तेही सांगा की. खोबरेल विकणाऱ्या मॅरिकोच्याच संशोधन विभागानं. निष्कर्ष खोटा म्हणत नाहीये, पण वाचताना लक्षात असू द्या. आणि कोंडा असेल तर डोक्यावर तेल थापू नका. कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते. आईला हे पटवायला मला दोन वर्षं लागली.

शिफ्ट_बी:
मुद्दा रास्त.

माजघर:
आता मेंदीचंही सांगून टाकते. भाचीच्या लग्नात 'काळी मेंदी' म्हणून कोन आणले होते. अर्ध्या तासात काळाभोर रंग, सगळ्या खूश. दोन दिवसांनी भाचीच्या हातावर मेंदीच्या नक्षीबरहुकूम फोड. डॉक्टर म्हणाले, यात पीपीडी आहे, केस काळे करायच्या रंगात असतं ते. मेंदीच्या पानाचा रंग आधी केशरी येतो आणि दिवस-दोन दिवसांत गडद होतो. पाकिटावर काय होतं माहितीय? 'शंभर टक्के नैसर्गिक'. म्हणून माझा राग शाम्पूवर नाहीच, पुढच्या बाजूवर आहे. टक्का छापा ना तिथे!

शिफ्ट_बी:
छापायला माझी हरकत नाही. मालकाची असेल.

सातासमुद्रापार:
उशिरा आलोय. न्यू जर्सीत राहतो, बायकोला शिकेकाई हवीय. इथे इंडियन ग्रोसरीत पूड मिळते, ती चालेल का? की शेंगाच मागवू?

माजघर:
पूड चालेल, पण रात्री भिजवून, उकळून, फडक्यातून गाळूनच घ्या. तशीच डोक्यावर टाकलीत तर केसांतून दोन दिवस निघत राहील, आणि ड्रेनला जाळी नसेल तर तो तुंबेल. डोळे घट्ट मिटायला सांगा.