‘सहकार मेला, कारखाने विकून टाका’ म्हणणाऱ्यांना

बांधकरी: काल इथं एकानं लिहिलं, ‘सहकार मेला, सगळे सहकारी साखर कारखाने खासगीवाल्यांना देऊन टाका.’ डोकंच फिरलं. १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेला कारखाना काढला, तो शेतकरी सावकाराच्या दारातून सुटावा म्हणून. आमच्या कारखान्याचा आजोबांचा शेअर दाखला अजून फ्रेममध्ये आहे, दिवाळीची साखर त्यावरच येते. विचार चुकला नाही, माणसं चुकली.

साखरकमी: ‘माणसं चुकली’ लहानपणापासून ऐकतोय. एक सभासद, एक मत. छान! वार्षिक सभेत ‘मंजूर, मंजूर’ करत विषयपत्रिका वीस मिनिटांत संपते. मी वजनकाट्याबद्दल विचारलं, माईकच बंद. पुढच्या हंगामात माझ्या उसाला फेब्रुवारी उलटला तरी तोड नाही, तुरे आले. शेवटी खासगीला घातला.

बांधकरी: बिल कधी आलं? कायद्यानं १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर. उशीर झाला तर १५ टक्के व्याज.

साखरकमी: दोन महिन्यांनी. व्याजाचं नाव काढू नका.

बांधकरी: मग खासगीचं कौतुक कसलं?

एकरभर: तत्त्वं राहू द्या. ऊसतोड टोळीला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, किती दिली ते बोला! मी एकरी पाच हजार, वर कोंबडी, ड्रायव्हरला प्रत्येक खेपेचे वरचे पैसे, ती ‘एंट्री’ वेगळी. तोडणी-वाहतूक बिलातून कापतात ती कापतातच. खरी लूट मजूरच करतात.

पाचट: लूट? जरा जीभ आवरा. माझे आईबाप बीडहून यायचे. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाप तापानं पडला की आई ‘अर्धा कोयता’, आणि बुडालेल्या दिवसाचा खाडा टोळीच्या मुकादमाच्या वहीत. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची नाही, म्हणून पुढच्या वर्षी परत तोच मुकादम. रात्री गाडी भरायला दोघंही जायचे, खोपीत धाकटीला मी सांभाळायचो. तुमच्या एक सभासद एक मतात आम्ही कुठं होतो?

एकरभर: भावनिक करू नका. पैसे माझ्या खिशातून गेले.

पाचट: मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढून दाखवा. एकच.

साखरकमी: हार्वेस्टर आणा, विषय मिटला.

पाचट: रान ओलं असलं की हार्वेस्टर बांधावर उभा. मग कुणाला फोन करता?

बांधकरी: तोडणारा सभासद का नाही, हे मला आजवर सुचलं नव्हतं, मान्य. तरी कारखाना विकू नका म्हणतो.

साखरकमी: विकायला आता उरलंय काय? कर्ज?

एकरभर: बरं, कोंबडीचं सोडून देतो. पाच हजारांचं नाही.