घाटात गाडी स्वतःहून ब्रेक मारते आणि पेडलही नरम लागते: दोष एक की दोन?

वाईफाटा (प्रश्नकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे २०२२ च्या अखेरीस घेतलेली कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे. टर्बो पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, पुढच्या काचेमागे कॅमेरा आणि खालच्या जाळीत रडार अशी तिची रचना असून ती आजवर ४१ हजार किलोमीटर चालली आहे. सर्व्हिस सेंटरशी पत्रव्यवहार सुरू असल्याने कंपनीचे नाव लिहीत नाही. तसेही मला नाव गाजवायचे नसून कारण समजून घ्यायचे आहे.

गेल्या दोन महिन्यांत गाडीने तीन वेळा विनाकारण स्वतःहून ब्रेक मारला. पहिल्यांदा खंबाटकी चढताना मी उजव्या लेनमध्ये ताशी ४५ च्या वेगाने जात होतो. डाव्या लेनमध्ये उसाचा ट्रक कण्हत चढत होता आणि रस्ता उजवीकडे वळत होता. ट्रक माझ्या लेनमध्ये मुळीच आला नव्हता, तरीही स्क्रीनवर लाल चिन्ह चमकले, पिपाणीसारखा आवाज झाला आणि गाडी अशी आवळली गेली की मागे बसलेल्या आईच्या मांडीवरचा डबा पुढच्या सीटवर आदळला. मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाने प्रसंगावधान राखले म्हणून निभावले. त्याच दिवशी थोड्या वेळाने आणखी एका उजव्या वळणावर पुन्हा तेच घडले. तिसरी वेळ पसरणी घाटातली होती. तिथे उजव्या वळणावर डाव्या कडेला उभ्या असलेल्या टेम्पोला पाहून गाडी थबकली.

दुसरी तक्रार ब्रेकच्या पेडलची आहे. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना शेवटच्या टप्प्यात पेडल स्पंजासारखे लागू लागले आणि नेहमीपेक्षा बरेच खाली गेले. जळका वासही येत होता. वाईत चहासाठी अर्धा तास थांबल्यावर पेडल पूर्ववत झाले.

सर्व्हिस सेंटरने गाडी दोन दिवस ठेवून घेतली, स्कॅनर लावला आणि कोणताही एरर कोड नसल्याचे सांगून जॉब कार्डवर 'दोष आढळला नाही' असा शेरा मारला. त्यांच्या मते पॅड अजून साठ टक्के शिल्लक आहेत आणि ऑटोमॅटिक ब्रेक 'असाच' चालतो. उपयोगी पडेल म्हणून आणखी दोन गोष्टी सांगतो. मे महिन्यात दगड लागून पुढची काच फुटली होती, ती बाहेरच्या दुकानातून बदलून घेतली. जूनमध्ये नवे टायर टाकले आणि त्याच दुकानात अलाइनमेंट करून घेतली. तेव्हापासून सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे कललेले दिसते, पण गाडी कोणत्याही बाजूला ओढत नाही.

ब्रेक यंत्रणेतच बिघाड असून त्यामुळे या दोन्ही गोष्टी घडत असाव्यात का?

तिरकाकोन

आपण तपशील नीट दिले आहेत आणि माझ्या मते उत्तर आपल्याच शेवटच्या परिच्छेदात दडलेले आहे. मी वाहनांच्या सेन्सरांशी संबंधित काम करतो, त्यामुळे केवळ पहिल्या तक्रारीबद्दल लिहितो. पेडलचा विषय वेगळा आहे असे मला वाटते.

समोर काय आहे आणि ते किती वेगाने जवळ येत आहे, एवढे कळून ऑटोमॅटिक ब्रेकचे भागत नाही. ती वस्तू आपल्या वाटेत आहे की नाही, हेही त्याला ठरवावे लागते आणि घोडे बहुतेकदा तिथेच पेंड खाते. आपण उजव्या वळणावर उजव्या लेनमध्ये असता, तेव्हा गाडीच्या नाकासमोर सरळ रेषेत येतो तो डाव्या लेनमधला ट्रक. गाडी पुढे कशी वळणार याचा अंदाज ही यंत्रणा स्टिअरिंगचा कोन, गाडी स्वतःभोवती किती फिरते आहे हे मोजणारा सेन्सर आणि कॅमेऱ्याला दिसणारे पट्टे यांवरून बांधते. अंदाज बरोबर असेल, तर ट्रक वाटेबाहेर आहे हे तिला कळते. तो चार-दोन अंशांनी चुकला, तर तोच ट्रक थेट वाटेत उभा राहतो.

आता आपल्या नोंदी पाहा. तीनही प्रसंग उजव्या वळणांवर घडले. स्टिअरिंग सरळ रस्त्यावर डावीकडे कललेले आहे, म्हणजे गाडी सरळ जात असताना स्टिअरिंगचा सेन्सर 'थोडे डावीकडे वळतो आहोत' असे सांगत असण्याची दाट शक्यता आहे. असा सेन्सर उजव्या वळणावर वळण प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे सांगणार. अलाइनमेंट करताना टायरच्या दुकानात चाके नीट बसवतात, पण त्यानंतर स्कॅनर लावून स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य पुन्हा ठरवावा लागतो. ही पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते. बऱ्याच गाड्या छोटा फरक चालता चालता स्वतः सुधारून घेतात, पण त्या सुधारणेलाही मर्यादा असते.

दुसरा संशयित म्हणजे काच. कॅमेरा काचेला चिकटवलेल्या ब्रॅकेटवर बसतो. काच बदलली की कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणे, करावेच लागते. काही गाड्यांत ते ठराविक अंतरावर चौकटीचा फलक उभा करून होते, काहींत स्कॅनर जोडून पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर गाडी चालवून, तर काहींत दोन्ही करावे लागते. काचेच्या दुकानाच्या बिलात कॅलिब्रेशनची ओळ आहे का, ते पाहावे.

'एरर कोड नाही' या उत्तरावर मात्र समाधान मानू नका. तार तुटली, सेन्सर झाकला गेला किंवा एखाद्या भागाकडून संदेश येणे थांबले की कोड नोंदला जातो. इथे यंत्रणेच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नाही. तिला चुकीची माहिती मिळाली आणि त्या माहितीवर तिने काम चोख बजावले. त्यामुळे स्कॅन कोरा निघाला तरी त्यावरून कॅलिब्रेशन बरोबर असल्याचे सिद्ध होत नाही.

गेल्या दसऱ्याला आमच्या सोसायटीत एका गृहस्थांनी झेंडूची जाडजूड माळ जाळीवर बांधली होती आणि रडार झाकल्याचा संदेश येतो म्हणून ते दोन दिवस हैराण होते. रडार पूर्ण झाकले गेले की बहुतेक गाड्या असे सरळ सांगून यंत्रणा बंद करतात. आपल्याला तसा संदेश आलेला नाही, म्हणून रडारची पातळी तपासून घ्या, पण तो माझा पहिला संशय नाही.

लायनरकोल्हापुरी

वरील सदस्यांनी पेडलचा विषय सोडला, तो मी घेतो. गॅरेजच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली आहेत.

ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते खरे तर तेल नव्हेच. आपल्या गाड्यांतला हा द्रव ग्लायकॉलवर आधारलेला असतो आणि हवेतली ओल शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. डॉट ४ प्रतीचा ताजा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) एवढा तापणे मुळीच अवघड नाही. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल स्पंजासारखे होऊन खाली जाते. गाडी थांबून ब्रेक थंड झाले की वाफ पुन्हा विरते आणि पेडल शहाण्यासारखे वागू लागते. आपल्याला वाईत चहा पिताना नेमका हाच अनुभव आला. म्हणूनच सर्व्हिस सेंटरच्या अंगणात हा दोष कधीच सापडत नाही.

केवळ पॅड किंवा डिस्क तापून पकड गेली असती, तर पेडल घट्टच राहिले असते आणि गाडी मात्र थांबली नसती. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली बसत गेले, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर द्रव ढकलणाऱ्या भागाच्या) सीलवर किंवा गळतीवर संशय घ्यावा. पेडल दगडासारखे कडक झाले, तर बूस्टरकडे, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाकडे, पाहावे. व्हॅक्यूम बूस्टरची घरच्या घरी चाचणी सोपी आहे: इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारा, मग दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडेसे खाली सरकले, तर बूस्टर ठीक आहे.

गाडी २०२२ ची आहे, म्हणजे तिने पावसाळे भरपूर पाहिले. जुनी बिले काढा आणि त्यांत ब्रेक ऑइल 'बदलले' असे लिहिले आहे की 'टॉप-अप' असे, ते वाचा. वरून ओतलेल्या नव्या द्रवाने कॅलिपरमधला जुना द्रव बदलत नाही. दर दोन वर्षांनी तो पूर्ण काढून, चारही चाकांना ब्लीडिंग करून (नळ्यांतली हवा आणि जुना द्रव बाहेर काढून) नवा भरावा, असे बहुतेक कंपन्या सांगतात. पॅड साठ टक्के शिल्लक असण्याचा या तक्रारीशी संबंध नाही.

जुने ट्रकचालक सांगत की ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ऑटोमॅटिक गाडीतही मॅन्युअल मोड किंवा खालचा गिअर असतो. डी मध्ये ठेवून पसरणी उतरणे म्हणजे सगळा भार ब्रेकच्या पॅडांवर टाकणे आहे. हा भाग आपल्या चालवण्याचा आहे, रागावू नये.

दोष दोनच आहेत, यावर मी सहमत आहे. फक्त एक जोड द्यावीशी वाटते. ऑटोमॅटिक ब्रेक पॅडवर दाब आणतो तो याच द्रवातून. द्रव उकळलेला असेल आणि त्याच क्षणी खरोखरच कोणी आडवे आले, तर कॅमेरा कितीही हुशार असला तरी गाडी वेळेत थांबणार नाही. म्हणून आधी द्रव बदला, कॅमेरा नंतर.

सरळमार्गी

एवढा खटाटोप कशासाठी? सेटिंगमध्ये जाऊन ऑटोमॅटिक ब्रेक बंद करावा. आपल्या रस्त्यांवर रिक्षा, गुरे आणि उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वार असताना हे परदेशी यंत्र निरुपयोगी आहे.

तिरकाकोन

@सरळमार्गी: दोष सापडेपर्यंत घाटापुरते बंद ठेवण्यास माझी हरकत नाही, पण अनेक गाड्यांत इंजिन पुन्हा सुरू केले की यंत्रणाही आपोआप चालू होते, हे लक्षात असावे. संवेदनशीलता 'उशिरा' वर ठेवल्यास काही गाड्यांत केवळ इशारा उशिरा येतो आणि ब्रेकचा निर्णय तोच राहतो. शहरात पुढचा रिक्षावाला अचानक थांबला असता याच यंत्रणेने मला एकदा वाचवले आहे, म्हणून कायमची बंद करा असे मी म्हणणार नाही.

न्यूजर्सीतला_नगरकर

येथील अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहितो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०२२ मध्ये होंडा सीआर-व्ही आणि ॲकॉर्ड या गाड्यांच्या अकारण ब्रेक लागण्याच्या तक्रारींची चौकशी सुरू केली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती पुढच्या, अधिक सखोल टप्प्यावर नेली. त्या कागदपत्रांतही तक्रारदार हेच सांगतात की डीलरकडे गाडी नेली असता दोष पुन्हा घडवून दाखवता आला नाही किंवा 'हे असेच असते' असे उत्तर मिळाले. म्हणजे आपण एकटे नाही. त्याच एप्रिलमध्ये सप्टेंबर २०२९ पासून नव्या हलक्या वाहनांत ऑटोमॅटिक ब्रेक सक्तीचा करणारा नियमही इथे जाहीर झाला. यंत्र टाकून देण्याऐवजी ते नीट करून घेण्याकडे इथला कल आहे.

पावतीजपा

कायद्याच्या बाजूने थोडेसे. जॉब कार्डवर 'ब्रेक चेक करणे' एवढेच लिहू देऊ नका. तारीख, ठिकाण, वेग, वळणाची दिशा आणि स्क्रीनवर दिसलेले चिन्ह, हे सर्व आपल्या शब्दांत लिहून घ्या आणि प्रत ठेवा. डॅशकॅम असल्यास चित्रफीत जपून ठेवा, कारण कार्ड भरले की जुनी चित्रफीत पुसली जाते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०अ नुसार सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश सरकार देऊ शकते. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू असून सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना ते लागू होतात. एकाच मॉडेलच्या किती मालकांनी तक्रार नोंदवली यावर ही कारवाई अवलंबून असते, म्हणून आपली एक नोंदही वाया जात नाही. वैयक्तिक तक्रारीसाठी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे झाल्यास दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी ४०० रुपये शुल्क पडते आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आयोग गाडी तपासणीसाठी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तथापि काच आणि अलाइनमेंट दोन्ही कामे बाहेर झाली आहेत, त्यामुळे कंपनी बोट तिकडेच दाखवणार. आधी कॅलिब्रेशन करून घ्या, भांडण नंतर.

वाईफाटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

बिले तपासली. तीनही सर्व्हिसमध्ये 'ब्रेक ऑइल टॉप-अप' असेच लिहिलेले आहे. म्हणून ते पूर्ण बदलून घेतले आणि बदलताना मी शेजारी उभा होतो. नळीतून निघालेला द्रव काळ्या चहाच्या रंगाचा होता आणि नवा जवळपास पाण्यासारखा स्वच्छ. काचेच्या बिलात कॅलिब्रेशनची ओळ नव्हती. टायरवाल्याने शून्य ठरवण्याचे काम 'आम्ही करत नाही' असे मोकळेपणाने सांगितले. दुसऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये स्टिअरिंग सरळ ठेवून स्कॅनरवर आकडा पाहिला, तो शून्याऐवजी उणे ५.८ अंश होता. तिथे पुन्हा अलाइनमेंट करून स्टिअरिंग मध्यावर आणले, सेन्सरचा शून्य ठरवला आणि त्याच दिवशी फलक लावून कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशनही केले. त्यामुळे नेमका दोषी कोण, स्टिअरिंगचा सेन्सर की काच, हे आता वेगळे करून सांगता येणार नाही, याची @तिरकाकोन यांनी क्षमा करावी.

त्यानंतर खंबाटकी दोनदा चढलो आणि पसरणी एकदा, तिसऱ्या गिअरमध्ये, उतरलो. उजव्या वळणांवर डावीकडे ट्रक होते, पण गाडी गप्प राहिली. पेडल शेवटच्या वळणापर्यंत घट्ट होते. पहिल्या सर्व्हिस सेंटरला जॉब कार्डवरचा शेरा दुरुस्त करून देण्याची विनंती ईमेलने केली आहे, त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. आई मात्र अजूनही डबा मांडीवर न घेता पायाशी ठेवते.