हॉट रॉड अर्धवट, बजेट संपलं: पूर्ण करू की विकून टाकू?

गॅरेजातला_गडी:
मंडळी, मी मिशिगनला असतो, डेट्रॉइटपासून चाळीसेक मिनिटांवर. २०१९ मध्ये "नुसती बघून येतो" असं घरी सांगून ओहायोला गेलो आणि भाड्याच्या ट्रेलरवर १९३१ची फोर्ड मॉडेल ए कूपे (दोन दारांची गाडी) घालून परत आलो. बायको तेव्हा काही बोलली नाही. ती अजूनही त्याबद्दल काही बोलत नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: जुन्या फोर्डची मडगार्डं काढायची, छप्पर कापून खाली घ्यायचं आणि आत दांडगं इंजिन बसवायचं, म्हणजे झाली हॉट रॉड. महायुद्धाच्या आधीपासून कॅलिफोर्नियातली पोरं भंगारातल्या गाड्यांवर हे उद्योग करून कोरड्या तळ्यांवर शर्यती लावत. म्हणजे मुळात हा गरिबांचा खेळ. आता माझा हिशेब बघा.

बजेट २५ हजार डॉलर. आजवर गेले ३८ हजार. बॉडी, चासी आणि कागद ७,५००. इंजिन ९,८००, कारण मला १९५०चं फ्लॅटहेड व्ही-८च हवं होतं, म्हणजे फोर्डचं जुनं आठ सिलिंडरचं इंजिन, ज्याचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच (इंजिनच्या मुख्य ओतीव भागात) असतात. त्यात एग्झॉस्टचा गरम वायू ब्लॉकमधूनच बाहेर जातो, त्यामुळे ही इंजिनं तापतात आणि व्हॉल्व्ह सीट ते सिलिंडर अशी चीर जाते. पहिल्या ब्लॉकला ती होतीच. विकणारा म्हणाला होता "एकदम ठणठणीत". दुसरा ब्लॉक घ्यावा लागला. पाच गिअरचा बॉक्स २,३००. मूळ ब्रेक सळ्यांवर चालणारे, ते काढून हायड्रॉलिक केले आणि मागचा अ‍ॅक्सल बदलला, ४,६००. चाकं-टायर २,४००. छप्पर तीन इंच कापायला एका वर्कशॉपला ४,००० दिले. त्यांनी डावा खांब उजव्यापेक्षा पाऊण इंच आखूड केला. तो सरळ करायला दुसऱ्याला ३,५००. उरलेले जवळपास चार हजार नटबोल्ट आणि हरवली म्हणून पुन्हा घेतलेली हत्यारं.

अजून लागणार: रंग ९ हजार, आतलं काम साडेचार, वायरिंग आणि काचा अडीच. म्हणजे १६. मोठी लेक पुढच्या वर्षी कॉलेजला जातेय. बायकोची गाडी पाचवा हिवाळा बाहेर उभी आहे, रोज सकाळी ती बर्फ खरवडते. आणि आहे तशी घ्यायला एक जण १७ हजार रोख देतोय. काय करू?

ओहायोकर_काका:
आधी ते ३८ विसर. ते विकूनही परत येत नाहीत आणि पूर्ण करूनही येत नाहीत. आज १७ हातात येत असताना तू ते सोडून वर १६ घालणार. म्हणजे आजपासून ही गाडी तुला ३३ला पडते. तेवढ्यात तयार, चालू कूपे मिळते; गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः दोन बघितल्या. पैशाचा प्रश्न असेल तर उत्तर मिळालं: विक.

पण मला वेगळं विचारायचंय. गेल्या सहा महिन्यांत गॅरेजात किती तास होतास? खरं सांग.

पाना_पकड (पुणे):
काका, इतके रोखठोक नका होऊ, गडी रडेल.

गडी साहेब, तुमचा हेवा वाटतो. आमच्याकडे कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार केला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते पक्कं केलं. त्यामुळे आम्ही आपले जुनी गाडी होती तशी करणारे. माझी १९८४ची पद्मिनी चार वर्षं उघडीनागडी पडून होती. नाना पेठेतली सगळी दुकानं मला नावाने ओळखायला लागली. शेवटी विकली. दुःख झालं नाही. नंतर एकदा ती कर्वे रोडला सिग्नलला शेजारी येऊन उभी राहिली, दाराच्या हँडलवरून ओळखली. त्या दिवशी मात्र घरी येऊन जेवलो नाही.

एक सुचवतो. रंग कशाला? प्रायमरमध्येच (रंगाखालच्या अस्तरातच) फिरवा. ते साडेचार हजारांचं आतलं कामही नको, लाकडी बाक ठोका आणि वर सोलापुरी चादर टाका.

गॅरेजातला_गडी:
काका, खरं सांगतो: बारा तास. त्यातले निम्मे गाडीत नुसता बसलो होतो. स्टिअरिंग धरून.

पाना_पकड, चादर आईने पाठवलेली घरात आहे, हिरवी-लाल. डोक्यात भुंगा सोडलात. रंग आणि आतलं काम काढलं तर १६चे अडीच उरतात. वायरिंग मी करू शकतो. मॉडेल एच्या काचा सपाट असतात, सेफ्टी काच कुठलाही काचवाला कापून देतो.

ओहायोकर_काका:
आता बोललास कामाचं. इंजिन सुरू होऊन गाडी अंगणात पुढे-मागे झाली की तिचा भावही बदलतो. खोक्यात भरलेल्या गाडीला कुणी किंमत देत नाही. पुढे विकायचीच झाली तरी अडीच हजार वाया जाणार नाहीत.

पण एक सांग, कागदावर नंबर कुठला आहे? मॉडेल ए बऱ्याचदा इंजिन नंबरवर नोंदलेल्या असतात. मूळ चार सिलिंडरचं इंजिन कुठाय?

गॅरेजातला_गडी:
विकलं. सहाशेला. २०२० मध्ये.

ओहायोकर_काका:
अरे देवा. घाबरू नकोस. तोच नंबर चासीच्या डाव्या रेलवर (लांब लोखंडी पट्टीवर) वरच्या बाजूला ठोकलेला असतो, बॉडीखाली. बॉडीचे बोल्ट सैल कर, पुढची बाजू जॅकने दोन इंच उचल आणि बघ. चासी मूळची नसेल तर नंबर जुळणार नाही, मग रस्त्यावर काढणं तुलाही अवघड, त्या १७वाल्यालाही. बाकीचं नंतर.

पाना_पकड (पुणे):
वायर ब्रशने खसाखसा घासू नका, आकडे जातील. थिनरने रंग काढा, वर कागद धरून पेन्सिल फिरवा. आपल्याकडे विम्यासाठी चासी नंबरचा ठसा घेतात ना, तसा.

गॅरेजातला_गडी:
शनिवार, रात्री अकरा. बॉडी उचलली. २०२१ मध्ये मीच हौसेने दोन हात काळा रंग मारला होता, तो निघता निघत नव्हता. बायको कोट घालून आली आणि न विचारता टॉर्च धरून उभी राहिली. लेकीच्या कंपासपेटीतली पेन्सिल. एक चांदणी, मग ए, मग चार आकडे: चारही जुळले. पाचव्यावर गंजाचा खड्डा आहे. मी म्हणतो तीन, ती म्हणते आठ. कागदावर आठ आहे.

१७वाल्याला थांबायला सांगितलंय. उद्या दिवसाउजेडी परत बघतो.