सर्फिंग शिकायचंय, पोहणं मात्र विहिरीतलं. कुठं जावं, केव्हा जावं?

तलावकाठची
नमस्कार मंडळी. मी भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातली, वय ३१. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरचं काम, घरी धानाची शेती. समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलाय. शाळेच्या सहलीत जुहूला, चपला हातात घेऊन घोट्याएवढ्या पाण्यात. गेल्या उन्हाळ्यात मोबाईलवर लाटेवर उभं राहणाऱ्या बायका पाहिल्या आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

पोहता येतं. काकांनी कमरेला दोर बांधून विहिरीत ढकललं होतं, पुढं गावच्या मामा तलावात हात सुटला. (बाहेरच्यांसाठी: मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळातला तलाव; आईचा भाऊ नव्हे.) धान विकून झालं की जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत सवड असते. हाताशी पाच-सहा दिवस. धाकटी बहीण सोबत येईल, तिला पोहता येत नाही. गोवा बरं की चेन्नईकडचं कोवलम? एवढ्या दिवसांत काही जमतं का? घरी विचारलं तर बाबा म्हणाले, "वैनगंगा काय आटली का?"

बल्लारशा_लोकल
प्रवासापुरतं सांगतो, लाटांतलं मला कळत नाही. तुम्हाला वडसा जवळ. वडशाहून बल्लारशा, तिथून दिल्ली-चेन्नई मार्गावरची जीटी किंवा तमिळनाडू एक्सप्रेस. एक रात्र गाडीत काढली की चेन्नई. पुढं ईसीआरने (ईस्ट कोस्ट रोड, किनाऱ्यालगतचा रस्ता) महाबलीपुरमकडं जाताना साधारण ४० किलोमीटरवर कोवलम लागतं. गोव्याला जायचं तर आपल्या भागातून फार वळसा पडतो.

आणि एक, कोवलम दोन आहेत! एक हे चेन्नईजवळचं, दुसरं केरळात तिरुवनंतपुरमपाशी. सर्फिंग दोन्हीकडं शिकवतात, त्यामुळं बुकिंग करताना घोळ होतो. माझ्या मेव्हण्यानं खोली केरळातली आणि तिकीट चेन्नईचं काढलं होतं. वर्षभर पुरेल एवढे टोमणे खाल्ले त्यानं.

फेसातला
मी चंद्रपूरचा, नोकरीमुळं चार वर्षं चेन्नईत. कोवलमला दोन हिवाळे शिकलो, अजूनही शिकाऊच आहे. माझंही पोहणं विहिरीतलंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, विहिरीत शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, हा मोठा फायदा. पण तीन सवयी गावीच ठेवून या.

पहिली म्हणजे सूर. विहिरीत काठावरून डोक्यावर उडी मारायची आपली हौस. लाटेवर मात्र बोर्डवरून पडलात की खाली कंबरभर, कधी गुडघाभरच पाणी असतं आणि तळाला घट्ट वाळू. तिथं डोकं आधी गेलं तर मान मोडते. पडायचं ते पाठीवर किंवा कुशीवर, पसरून. वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरायचे, कारण तुमचाच बोर्ड वर कुठंतरी नाचत असतो.

दुसरी सवय जास्त घातकी. आपल्याला शांत पाणी म्हणजे बरं पाणी वाटतं. समुद्रावर उभं राहिलं की दोन्हीकडं लाटा फुटताना दिसतात आणि मध्येच एक पट्टा निवांत, जरा गडद किंवा गढूळ. नवखा माणूस बरोबर तिथूनच आत शिरतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी त्याच वाटेनं परत आत जात असतं! त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडं तोंड करून झुंजू नका. भल्याभल्या पोहणाऱ्यांचा दम तिथंच संपतो. बोर्ड धरून ठेवायचा, हात वर करून शिकवणाऱ्याला खूण करायची आणि किनाऱ्याला समांतर सरकायचं. पट्टा फार रुंद नसतो, बाजूला निघालात की लाटाच तुम्हाला बाहेर आणतात.

तिसरी सवय घाईची. विहिरीवर गेलं की धपकन उडी. इथं आधी दहा-पंधरा मिनिटं वाळूत बसून नुसतं बघा. मोठ्या लाटा तीन-चारच्या टोळीनं येतात, मग जरा उसंत मिळते. त्या उसंतीत आत शिरायचं.

बोर्ड आठ-नऊ फुटांचा, मऊ फोमचा मागा. लांब-रुंद बोर्ड लवकर हलत नाही आणि डोक्यात बसला तरी टेंगळावर भागतं. छोटा, टोकदार, चकचकीत बोर्ड कोणी पुढं केला तर नको म्हणा. बोर्डची दोरी मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात. काकांचा दोर आठवेल तुम्हाला.

बोर्डवर कुठं झोपायचं हे मला दोन दिवस समजलं नव्हतं. शेवटी बंडीवरून उमगलं. माल मागं जास्त भरला की बंडी उलार होते, पुढं जास्त झाला की बैलांच्या मानेवर येते. तसंच हे. मागं सरकून झोपलात तर बोर्ड पाणी रेटत राहतो आणि लाट खालून निघून जाते. पुढं सरकलात तर टोक पाण्यात घुसतं आणि तुम्ही तोंडघशी. टोक पाण्याच्या दोन-तीन बोटं वर राहील अशी जागा सापडली की बोर्डवर पेनानं खूण करावीशी वाटते. (बोर्ड भाड्याचा असतो, करू नका.)

पाच-सहा दिवसांत काय होईल? फुटून गेलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसावर उभं राहून किनाऱ्यापर्यंत येणं, एवढं बहुतेकांना जमतं. आतली न फुटलेली हिरवी लाट पकडणं हा पुढच्या वर्षीचा विषय.

लाटसम्राट
फेब्रुवारीत कशाला? तेव्हा पाणी मेल्यासारखं असतं. ऑगस्टमध्ये जा. २०२५ ची आशियाई सर्फिंग स्पर्धा ऑगस्टमध्येच झाली, महाबलीपुरमला. आपल्या रमेश बुदिहाळनं कांस्य काढलं. खऱ्या लाटा तेव्हाच.

फेसातला
सम्राट, स्पर्धा ऑगस्टमध्ये घेतात त्याचं कारणच हे की तेव्हा लाटा मोठ्या असतात. ताई पहिल्यांदा बोर्डवर झोपणार आहेत. तुम्ही ज्याला मेलेलं पाणी म्हणता, तेच त्यांना हवंय.

ताई, पूर्व किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा पाऊस आणि वादळांचे दिवस, ते टाळा. पश्चिमेला, म्हणजे गोवा, मुळकी, वर्कला इकडं, जून ते सप्टेंबर नवख्यानं पाण्यात पायही टाकू नये. तुमचे फेब्रुवारी-मार्च दोन्हीकडं चालतात. गोव्यात अश्वे-मोरजीला तेव्हा लाटा लहान आणि सरळ असतात, जाणं सोयीचं असतं तर तेच म्हटलं असतं.

मीठपाणी
कपड्यांबद्दल कुणीच बोललं नाही, पुरुष मंडळी आहेत म्हणून. अंगालगत बसणारा पूर्ण बाह्यांचा लायक्राचा टी-शर्ट आणि खाली घट्ट लेगिंग, बस. गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, सुती टी-शर्ट अजिबात नको. भिजून जड होतो आणि बोर्डवर घासून पोट, काखा सोलून निघतात. मी पहिल्या दिवशी सुती घातला होता, रात्री पालथं झोपता येईना. ओढणी, साखळी, पैंजण खोलीवर ठेवायचं. केस घट्ट वेणीत.

पैसे ठरवताना तीन गोष्टी विचारा: एका शिकवणाऱ्यामागं किती जण, बोर्ड आणि टी-शर्ट त्यातच का, आणि समुद्र खवळला तर पैसे परत की दुसऱ्या दिवशी वर्ग. एका ठिकाणी माझ्या वर्गात एका पोराकडं आठ जण होते. तो आम्हाला शिकवत नव्हता, मोजत होता.

बहिणीला कंबरभर पाण्याच्या पलीकडं नेऊ नका. शिकवणाऱ्याला आधीच सांगा की तिला पोहता येत नाही. ते ऐकून जो "चलता है" म्हणेल त्याच्याकडं तुम्हीसुद्धा जाऊ नका.

धुऱ्यावरचा
ताई, मले समुद्राचं काई समजत नाई, पण वावरातला माणूस म्हून सांगतो. माह्या पोरीनं गोव्यात दोन दिवस केलं. उभं राहाची तयारी करून गेल्ती, अन् खांदेच गेले तिचे. सारा येळ पोटावर झोपून हातानं पाणी मारा लागते म्हणे, मान वर धरून. आतापासून तलावात हात चालवजो. कमळाच्या देठाकडं जाऊ नको, पाय गुंततात. अन् एकटी जाऊ नको.

तलावकाठची
सगळ्यांचे आभार. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, चेन्नईचंच कोवलम, तिकीट दोनदा तपासून काढलं. बहीण कंबरभर पाण्यावर राजी आहे.

उभं राहण्याची सवय घरी करता येते का? आणि चष्म्याचं काय करतात? माझा नंबर उणे चार आहे.

फेसातला
येते की. ओसरीवर खडूनं बोर्ड आखा, मध्ये एक लांब रेघ. पालथं झोपायचं, तळवे बरगड्यांजवळ टेकवायचे, छाती उचलायची आणि एका झटक्यात पुढचं पाऊल दोन हातांच्या मधोमध. आधी गुडघे टेकून मग उभं राहायची सवय लावू नका, ती पुढं सुटत नाही. दोन्ही पावलं त्या रेघेवर, गुडघे वाकलेले, नजर समोर. पायाकडं पाहिलं की पडलातच. पुढं कोणता पाय हे माहीत नसेल तर कुणाला तरी मागून हलकं ढकलायला सांगा, सावरायला जो पाय आपोआप पुढं जाईल तो पुढचा. रोज वीस वेळा पुरे.

मीठपाणी
चष्मा खोलीवर. दोरीनं बांधलेलासुद्धा पहिल्या फेसात जातो, माझा गेलाय. लेन्स घालून जाऊ नका. लाट अंदाजानं दिसते, तेवढं पुरतं. शिकवणाऱ्याला मात्र सांगून ठेवा, नाहीतर तो लांबून हातवारे करत बसेल. मागं दुसरा चष्मा असू द्या.

तलावकाठची
ओसरीवर आखलंय. आज वीसपैकी सहा वेळा नीट जमलं. बाबा खाटेवरून बघत होते, मग उठले आणि मागून ढकललं. डावा पाय पुढं गेला.

फेसातला
डावा पाय पुढं ठेवणाऱ्याला सर्फिंगमध्ये रेग्युलर म्हणतात. दोरी उजव्या घोट्याला.