सोंग अंगाशी आलं! तुमचे अनुभव लिहा

'द फ्लिंटस्टोन्स' या अश्मयुगातल्या फ्रेडच्या कुटुंबावरच्या कार्टून मालिकेच्या शेवटच्या सीझनमधला वेषांतराच्या पार्टीचा भाग परवा पुन्हा पाहिला. १९६५चा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: फ्रेडच्या गावात, बेडरॉकमध्ये, रेडिओवर बातम्या सुरू होतात की 'वे-आउट्स' नावाचे परग्रहवासी येऊन ठेपलेत. असते ती एका नव्या बँडची जाहिरात, पण गावाला कुठे माहीत? आणि नेमका फ्रेड पार्टीला निघालाय अंतराळवीर बनून. पुढचं सांगायला नकोच.

एरवी फ्रेड त्या वेषात रस्त्याने गेला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. सगळी करामत रेडिओची. म्हणूनच हा भाग मला मुलांच्या कार्टूनपेक्षा मोठ्यांचा वाटतो. तशी ती मालिका होतीच मोठ्यांची. १९६० ते १९६६ अमेरिकेत एबीसीवर रात्रीच्या वेळेत लागायची.

तर, तुमच्या किंवा तुमच्यासमोर कुणाच्या सोंगाला लोकांनी खरं मानलं असेल तर लिहा. फॅन्सी ड्रेसमध्ये केळं झालेलं पोर स्टेजवर रडलं, हे मात्र नको. ते घरोघरी झालंय.

ठाण्याहून
नव्वदीत केबलवर कार्टून नेटवर्क दिवसाच असायचं, संध्याकाळ झाली की त्याच चॅनलवर टीएनटीचे जुने सिनेमे. त्यामुळे शाळेतून आल्यावर जे हाती लागेल ते बघायचं. आजी शेजारी वाती वळत बसायची. फ्रेडच्या लेकीच्या, पेबल्सच्या, केसातलं हाड तिला अजिबात खपायचं नाही. "लेकराच्या डोक्यात हाड कसलं खोवतात, शिव शिव!" सोंगाचा अनुभव नाही, पण हे लिहावंसं वाटलं.

प्लेन्सबरो, न्यू जर्सीहून
हा भाग ज्याची नक्कल आहे ते ठिकाण आमच्या शेजारीच आहे. ३० ऑक्टोबर १९३८ला ऑर्सन वेल्सने रेडिओवर एच. जी. वेल्सच्या कादंबरीचं नाटक केलं, तेही बातमीपत्राच्या थाटात. त्यात मंगळावरचे लोक उतरतात ते ग्रोव्हर्स मिलला. तिथल्या व्हॅन नेस्ट पार्कात त्याचं स्मारक आहे. पाहुणे आले की आम्ही दाखवून आणतो, निम्मे विचारतात, "म्हणजे काहीच झालं नव्हतं, तरी स्मारक?"

आता आमच्या घरचं. एका हॅलोविनला ह्यांनी पांढरा डगला, तोंडाला मास्क आणि पाठीला फवारणीचा पंप असा शास्त्रज्ञाचा वेष केला. मित्राच्या बिल्डिंगमध्ये पार्टी होती. हे लिफ्टमध्ये शिरले आणि एका बाईंनी विचारलं, "कुठल्या घरात निघाले?" ह्यांना काही कळेना. पार्टी चौथ्या मजल्यावर, म्हणून म्हणाले, "चौथ्या." झालं! पंधरा मिनिटांत सगळ्या बिल्डिंगभर की चौथ्यावर ढेकूण सापडलेत. लोक जिन्यात जमले, एकाने गाद्या बाहेर काढल्या. हे मास्क काढून सांगतायत की मी पार्टीला आलोय, तर एक आजोबा म्हणाले, "मॅनेजरने तुम्हाला हेच बोलायला सांगितलंय ना?"

औरंगाबादहून, जरा किस काढतो
१९३८चं ते नाटक खरं समजून लोक घाबरले म्हणतात, पण ती घबराट वर्तमानपत्रांनीच फुगवली, असं आता बरेच अभ्यासक मानतात. रेडिओ त्यांच्या जाहिराती पळवत होता, तो राग होताच. त्या वेळी बहुसंख्य श्रोते दुसऱ्याच स्टेशनवर एडगर बर्गनला ऐकत होते. आणि बर्गन कोण? बोलक्या बाहुल्यांवाला! रेडिओवर! ओठ हलतात की नाही हे बघणार कोण? यापुढे मंगळवाले काहीच नाहीत.

गुहागरहून
शिमग्यात आमच्या वाडीतल्या संकासुराचा नाचताना पाय मुरगळला. रिक्षात घालून दवाखान्यात नेला, तो तसाच: काळा वेष, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. नर्सबाई नुकत्याच विदर्भातून बदलून आलेल्या. त्यांनी दार लावून घेतलं ते उघडेनात. आतले पेशंट ओरडतायत, "अवो बाय, संकासूर तो, उघडा!" त्यांना वाटलं, आत पण सगळे सामील आहेत. शेवटी त्याने टोपी काढून खिडकीतून स्वतःचं नाव, आडनाव, वाडी सगळं सांगितलं, तेव्हा पट्टी झाली.

साक्रीहून
जरा वेगळं लिहितोय. लहानपणी आमच्याकडे पोलिसाच्या वेषातला बहुरूपी यायचा. "तुमच्या नावानं वॉरंट आहे" म्हणून दरडावायचा, मग लग्नाची गमतीची बोलणी सुरू. आजोबा खोटं खोटं घाबरायचे, सूपभर बाजरी घालायचे. त्याला आणि आम्हाला, दोघांनाही माहीत असायचं की हे सोंग आहे.

१ जुलै २०१८ला आमच्याच तालुक्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या पाच गोसाव्यांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. मोबाईलवर अफवा फिरत होत्या. त्यानंतर तो बहुरूपी आला तेव्हा साध्या शर्टात होता. आधी आधार कार्ड काढून दाखवलं, मग धान्य मागितलं. वॉरंटचं म्हणाला नाही, आम्हीही आग्रह केला नाही.

धागाकर्ता
साक्रीकर, लिहिलंत ते बरं केलंत. धागा काढताना हे डोक्यात नव्हतं.

नाशिकहून
राहवत नाही म्हणून एक भर: याच सीझनमध्ये गझू येतो. हिरवा, उडणारा, खराखुरा परग्रहवासी. आणि मोठ्या माणसांत तो दिसतो फक्त फ्रेडला आणि त्याचा शेजारी बार्नी याला. खरा बेडरॉकमध्ये मजेत हिंडतोय आणि गाव घाबरलंय भाड्याच्या पोशाखाला!

प्लेन्सबरोच्या ताई, ढेकणांचं पुढे काय झालं?

प्लेन्सबरोहून
निघाले ना. दुसऱ्या मजल्यावर. त्या लिफ्टवाल्या बाईंच्याच घरी.