मॉब सायको १००: रेगेन गुरू की भोंदू?

रात्रपाळी

आधीच सांगते, या जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या तिन्ही सीझनचा अगदी शेवटापर्यंत रसभंग होणार आहे. बघायची राहिली असेल तर इथूनच मागे फिरा.

भाच्याच्या नादाने मालिका पुन्हा पाहिली. पहिल्या वेळी सगळ्यांसारखी मीही रेगेनवर फिदा होते. या वेळी तो पडद्यावर आला की हसू यायचं, आणि लगेच कसंनुसं व्हायचं.

विसरलेल्यांसाठी थोडक्यात. शिगेओ कागेयामा, वय १४, शाळकरी मुलगा. टोपणनाव मॉब, म्हणजे गोष्टीत मागे गर्दीला उभं केलेलं बिनचेहऱ्याचं पात्र. अंगात इमारती उचलण्याइतकी अतींद्रिय शक्ती, पण लहानपणी तिच्यामुळे धाकट्या भावाला, रित्सुला इजा झाली तेव्हापासून भावना दाबून ठेवायची सवय. दाबलेल्याचा आकडा पडद्यावर टक्क्यांत चढत जातो, शंभराला पोचला की स्फोट. या मुलाचा 'शिशो', म्हणजे गुरू, अराताका रेगेन. वय २८, शक्ती शून्य. त्याच्या दुकानाचं नाव 'रेइ तोका सोदानजो', मराठीत सांगायचं तर 'भुतंबितं सल्ला केंद्र'. गिऱ्हाईक आलं, भूत खोटं निघालं तर रेगेन निभावतो. खरं निघालं की मॉबला फोन. मजुरी ताशी ३०० येन.

आता यातली गंमत बाजूला ठेवून बघा. प्राथमिक शाळेतलं एक घाबरलेलं पोर दप्तर पाठीवर घेऊन येतं आणि विचारतं की मला अशी शक्ती आहे, मी काय करू? समोरचा माणूस म्हणतो, मलाही आहे. तिथे पडलेलं खोटं पुढे कित्येक वर्षं चालू राहतं. जपानच्या कामगार कायद्यात पंधरा पूर्ण होऊन ते शालेय वर्ष संपेपर्यंत मुलांना कामाला ठेवता येत नाही, तेरानंतर हलक्या कामाला सवलत आहे तीही परवानगी घेऊन. भूत मारणं हे हलकं काम का? दुसऱ्या सीझनमधल्या मोगामी नावाच्या भुताच्या प्रकरणात मॉब एका मुलीच्या मनात शिरतो आणि तिथे सहा महिने, शक्तीविना, रोज मार खात काढतो. ते काम घेतलं कोणी? रेगेनने, गिऱ्हाईक पैसेवालं म्हणून.

हा माणूस भोंदू आहे आणि मालिका आपल्याला त्याच्या प्रेमात पाडते, असं माझं म्हणणं आहे. बोला.

आगाऊ_कार्टी

ताई, अर्धाच सीन सांगितलात. खोटं बोलल्यावर तो काय सांगतो ते खाल्लंत.

तो सांगतो की शक्ती असणं म्हणजे कुणी पळण्यात चपळ असतं, कुणी अभ्यासात हुशार असतं, कुणी लोकांना हसवतं, तसंच एक. त्याने माणूस मोठा होत नाही. सुरी असते तशी ही वस्तू आहे, माणसावर धरायची नाही. आणि लोकांना आवडायचं असेल तर चांगला माणूस हो. त्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हे सांगितलं. आईबाप प्रेमळ आहेत, पण त्यांना टेबलावर चमचा वाकला की तेवढीच चिंता!

आता मालिकेतले खऱ्या शक्तीचे लोक बघा. हानाझावा, चौदाव्या वर्षी शाळेचा राजा, शक्ती नसेल तर आपण कोणीच नाही या भीतीने पछाडलेला. मोगामी, आईच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून सुपारी घेऊन माणसं मारणारा. तोइचिरो सुझुकी, जग ताब्यात घ्यायला निघालेला आणि घरात बायको-मुलगा गमावलेला. यातला कुणी मॉबला 'खरा' गुरू म्हणून भेटला असता तर काय झालं असतं? ज्याच्याकडे शक्ती नाही त्यालाच शक्तीची नशा चढलेली नाही, म्हणून तोच हे बोलू शकला.

तिरकस_पंत

ताशी ३०० येन म्हणजे २०१६ च्या भावाने दोनशे रुपयांच्या आतबाहेर. तिथल्या किमान वेतनाच्या निम्मंही नाही. पण आमच्या क्लासवाल्या सरांनी आम्हाला दोन वर्षं धाकट्यांचे पेपर तपासायला बसवलं ते एका वडापाववर, त्यामुळे मला रेगेन दानशूर वाटतो.

कृष्णाकाठ

मी बरीच वर्षं बुवाबाजीविरोधी कामात आहे, तेव्हा माझा चष्मा तो आहे हे आधीच मान्य.

पहिल्या सीझनमधला खांदे आखडलेल्या गिऱ्हाइकाचा प्रसंग आठवा. खांद्यावर भूत बसलंय म्हणून माणूस येतो. रेगेन मंत्र पुटपुटल्यासारखं करतो आणि प्रत्यक्षात उत्तम मालिश करून देतो. माणूस हलका होऊन जातो. फोटोत भूत दिसतंय म्हणणाऱ्याला तो संगणकावर फोटो साफ करून देतो. सगळे हसतात. मी नाही हसलो, कारण गावोगावी नेमकं हेच बघितलंय. खांदा सुटला, पैसेही फार गेले नाहीत, पण खांद्यावर भूत होतं हा समज कायमचा पक्का झाला. पुढच्या वेळी त्याच माणसाच्या मुलीला फिट आली की तो डॉक्टरकडे जाणार नाही. भोंदूचं नुकसान पहिल्या गिऱ्हाइकाला होत नाही, ते पुढच्याच्या घरात होतं.

आपल्याकडे २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्टला झाला, त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळात कायदा झाला. इतकी किंमत मोजून आलेला कायदा असलेल्या राज्यात बसून मी रेगेनच्या त्या भूत पळवायच्या मिठाच्या चिमटीला टाळ्या वाजवू शकत नाही.

आगाऊ_कार्टी

काका, तुमच्या कामाबद्दल आदर आहेच. पण एक अडचण आहे. त्या जगात भुतं खरी आहेत! शाळेत आहेत, बोगद्यात आहेत, डिंपल नावाचं हिरवं भूत तर मॉबच्या खांद्याशी तरंगत गप्पा मारतं. तिथे 'भूत आहे' हा समज अंधश्रद्धा कसा?

आणि मिठाचं म्हणाल तर पहिल्याच भागात ते भूत रेगेनची चेष्टा करतं की हे जेवणाच्या टेबलावरचं मीठ आहे. मालिकाच त्याला उघडं पाडते, पहिल्या पाच मिनिटांत.

कृष्णाकाठ

मुद्दा बिनतोड आहे, हरलो म्हणा हवं तर. पण मग गुन्हा वाढतो. भुतं खरी असलेल्या जगात ज्याच्याकडे शक्तीच नाही असा माणूस भूत उतरवायचं दुकान टाकतो. बोगस डॉक्टरच की. रोग खरा आणि डॉक्टर खोटा!

नागोयाकर

इथे अकरा वर्षं आहे, म्हणून थोडी स्थानिक भर.

'रेगेन' हे आडनाव ज्या दोन चिन्हांनी लिहितात त्यातलं पहिलं आत्म्याचं, दुसरं भासाचं. म्हणजे दारावरच्या पाटीवरच लिहिलंय की आत काय मिळेल. शहराचं नाव मसाल्यावरून, मॉबची शाळा मिठाच्या नावाची. सगळी नावं अशीच खोडकर. मूळ लेखक-चित्रकार वान (ONE) यांनी २०१२ ते २०१७ हा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वेबवर चालवला, चित्रं मुद्दाम ओबडधोबड. बोन्स स्टुडिओने २०१६, २०१९ आणि २०२२ असे तीन सीझन केले, एकूण ३७ भाग.

कृष्णाकाठ, तुमची अस्वस्थता जपानी माणसालाही कळते. इथे 'रेइकान शोहो' असा शब्दच आहे: पितरांचा कोप, वाईट योग असली भीती घालून महागड्या वस्तू विकायच्या, देणग्या उकळायच्या. जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबेंचा खून झाला. मारणाऱ्याचा राग होता तो आईला देणग्यांपायी कंगाल करणाऱ्या युनिफिकेशन चर्चवर. त्यानंतर हा विषय रोज बातम्यांत. तिसरा सीझन सुरू झाला त्या ऑक्टोबरात, आणि त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात काय आहे? शहराच्या मधोमध उगवलेली राक्षसी ब्रोकोली आणि तिच्याभोवती उभा राहिलेला सायको हेल्मेट पंथ. मांगा त्याच्या कितीतरी आधीचा, योगायोगच. पण त्या शरद ऋतूत ते भाग बघताना हसू घशात अडकत होतं. डिसेंबरात संसदेने देणग्या उकळण्याविरुद्ध कायदा केला, आणि त्याच महिन्यात मालिका संपली.

पण म्हणूनच मला फरक दिसतो. पंथवाला माणसाला परत परत यायला लावतो. रेगेन भीती घालत नाही, घालवतो, आणि पावती फाडून मोकळा होतो.

रात्रपाळी

गिऱ्हाइकांना मोकळं करतो, कबूल. मॉबला करतो का?

दुसऱ्या सीझनचा सहावा भाग घ्या. मॉबला मित्र मिळालेत, त्याला त्यांच्याबरोबर जायचंय. रेगेन काय म्हणतो? ते तुला वापरून घेतायत. कोण म्हणतंय बघा! पोरगं पहिल्यांदा तोंड वर करून बोलतं आणि निघून जातं. त्या दिवशी मी उठून टाळी वाजवली.

आगाऊ_कार्टी

आणि मग तो एकटा बारमध्ये बसतो, वाढदिवसाला आईचा तेवढा संदेश. पुढच्या भागात टीव्हीवर त्याची लाज निघते, पत्रकार परिषदेत सगळे लचके तोडायला बसलेले. मॉब कुठूनतरी शक्तीने माइक, कॅमेरे हवेत उचलतो आणि त्याला वाचवतो. तेव्हा रेगेन स्वतःची सफाई देत नाही. दिसतही नसलेल्या त्या पोराला म्हणतो की मोठा झालास. मला अजून रडू येतं, काय करायचं ते करा.

आणि नंतर मॉब स्पष्ट सांगतो की शिशोंचं खरं रूप मला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणजे फसवणूक कुठे राहिली?

नागोयाकर

थांब. हे वाक्य सबटायटलवरून भलतंच पसरलंय. मॉब म्हणतो की शिशोंचं खरं रूप म्हणजे 'इइ यात्सु'. भला माणूस. एवढंच. शक्ती नाही हे ठाऊक होतं, असं तो म्हणतच नाही. पूर्ण प्रसंगाची खुबी या दुहेरीपणात आहे: रेगेनला (आणि आपल्याला) वाटतं आता पितळ उघडं पडणार, आणि मुलगा वेगळ्याच गुपिताबद्दल बोलतो.

रात्रपाळी

हे माहीत नव्हतं, आणि हे माझ्याच बाजूचं आहे! म्हणजे त्याला तेव्हाही कळलेलं नव्हतं. शेवटच्या भागापर्यंत तो माणूस गप्प बसला. जुलै २०१६ ते डिसेंबर २०२२, आपण जवळजवळ साडेसहा वर्षं वाट बघितली त्या कबुलीची.

तिरकस_पंत

पण कबुली काय दिली! गाडीची धडक बसून पोराच्या आतली बेभान शक्ती, ते '???%', बाहेर आलंय, शहर उन्मळून पडतंय, मोठमोठ्या शक्तिमानांनी हात टेकलेत. आणि हा सूटवाला शून्य शक्तीनिशी वादळात चालत जातो, डोकं फुटतं, तरी जातो, आणि सांगतो की माझ्याकडे कधीच काही नव्हतं, खोटं बोललो. भोंदू असं करत नाहीत हो. भोंदू अशा वेळी आश्रमाच्या मागच्या दाराने जातात.

कृष्णाकाठ

या प्रसंगापुढे मीही गप्प बसतो. फक्त एवढंच, कबुली चांगली असली तरी ती गुन्ह्याची असते.

पहिल्या सीझनच्या शेवटी मात्र मला तो पटला होता. क्लॉ या शक्तिमानांच्या टोळीपुढे मॉबचा आकडा शंभराकडे चाललाय, बाकीचे त्याला लढ म्हणतायत, आणि रेगेन एकटाच म्हणतो की नकोसं झालं तर पळून गेलास तरी चालेल. लढाईच्या मालिकेत चौदा वर्षांच्या मुलाला पळ म्हणणारा मोठा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

डबा_दोन_पोळ्या

तुम्ही सगळे चुकीच्या माणसावर भांडताय. मॉबचा गुरू रेगेनही नाही आणि कुणी बाबाही नाही, तो आहे गोदा मुसाशी. शरीर सुधारणा मंडळाचा कप्तान.

मॉबला शाळेत टेलिपथी मंडळाने बोलावलं होतं. तो गेला व्यायामवाल्यांकडे, कारण ज्या मुलीवर त्याचा जीव आहे त्या त्सुबोमीला आवडायचं होतं. पळताना दर वेळी चक्कर येऊन पडतो. ते डोंगराएवढे पहिलवान हसत नाहीत, त्याला उचलून घेतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतात. त्याच्या शक्तीचा त्यांना ना उपयोग ना अप्रूप. मजुरी नाही, खोटं नाही, उपदेशही नाही. मी शाळेत खोखोच्या संघात बारावी होते, एकदाही मैदानात उतरले नाही, पण बाईंनी तीन वर्षं मला सगळ्या सरावांना बोलावलं. म्हणून असेल, पण रेगेनच्या भाषणांपेक्षा ती पळापळ मला जास्त आठवते. तिसऱ्या सीझनमध्ये मॉब पळताना बघा आणि पहिल्यातलं पळणं आठवा.

आगाऊ_कार्टी

+१, पण त्या मंडळात जायची हिंमत 'शक्तीने माणूस मोठा होत नाही' हे ऐकल्यावरच आली ना? फिरून रेगेनच.

रात्रपाळी

डबा, तुझा प्रतिसाद वाचून मीही दोन मिनिटं थांबले. माझी तक्रार बहुतेक हीच होती आणि मला मांडता आली नाही: मालिकेत बिनमतलबी प्रेम करणारे लोक आहेत, मग गाजतो मतलबी माणूस का?

नागोयाकर, त्या 'इइ यात्सु'ने झोप उडवलीय. आज रात्री दुसऱ्या सीझनचा सातवा भाग सबटायटल बंद करून बघणार आहे. जपानी येत नाही, पण मॉबला आवाज देणाऱ्या सेत्सुओ इतोला ऐकून कळेल तेवढं कळेल.

भोंदू हा शब्द मागे घेते. लबाड ठेवते.

तिरकस_पंत

ठीक. आणि त्या ३०० येनचं काय ठरलं?

रात्रपाळी

थकबाकीसकट वसूल करायचे. व्याज नागोयाकर काढून देतील.